ककणेराचं तेल आणि विश्रामचे गुडघे

टाळ खाली ठेवा मंडळी, पण मन वरच राहू द्या! पूर्वरंगात ज्ञान भरपूर झालं. मागच्या दोन रांगा झोपल्यात, त्यावरूनच कळतंय! आता उठवा त्यांना. आख्यान सुरू करायच्या आधी एक प्रश्न विचारतो.

समजा — नुसतं समजा हो, माझं कुणाकडे बोट नाही — समजा तुमच्याबद्दल गावात एक खोटी गोष्ट पसरली. पण कशी? तुमच्या फायद्याची! गप्प बसलात तर मान मिळणार, गळ्यात हार पडणार. तोंड उघडलंत तर बेअब्रू, आणि वर सरकारी पाहुणचार. पण — इथे घोडं अडतं — तुम्ही गप्प बसलात, तर कुणा मुक्या प्राण्याचा जीव जाणार. मग बोलाल? की गप्प बसाल?

बघा! आत्तापासूनच गप्प बसले!

पेटीवाले, तुम्हीसुद्धा खाली बघू नका. सगळ्यांचाच प्रश्न आहे. ऐका तर.

रत्नागिरीकडच्या डोंगरात सुरंगवाडी नावाचं एक गाव. नकाशात शोधू नका, नाव मी ठेवलेलं आहे. खरं नाव सांगितलं तर पुढच्या वर्षी मला तिथं कीर्तनाला कोण बोलावील? तर त्या सुरंगवाडीत राहायचे विश्राम चाळके. वय साठीच्या पुढे. नाव विश्राम, पण आयुष्यात विश्रांती अशी घेतली नव्हती. शिमग्याला गावदेवी जाखमातेची पालखी नाचवायचा मान चाळक्यांचा, आणि पुढचा दांडा विश्रामच्या खांद्यावर! ढोल घुमायला लागला की हा माणूस असा नाचायचा, असा नाचायचा — की देवीलाही वाटावं, आज जरा घट्ट धरून बसावं!

पण त्या वर्षी काय झालं? मैदान भरलेलं. ढोल रंगात आलेला. विश्रामने गुडघे वाकवून गिरकी घेतली — आणि उजवा गुडघा म्हणाला, "मी नाही येत!" कळ अशी मस्तकात गेली, की पालखी कलंडली. देवीचा मुखवटा भुईला लागता लागता राहिला. ढोल थांबला.

गावकार, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, होते आबा रेवाळे. वयोवृद्ध माणूस, बोलणं कमी. ते एवढंच म्हणाले, "विश्राम, वैशाखात देवळाच्या वर्धापनाला पालखी निघेल. तेव्हा खांद्याला दुसरा कुणी बघू."

दुसरा कुणी! मंडळी, गुडघा दुखत होता तो वेगळाच, पण हे दोन शब्द त्याच्याहून जास्त दुखले. घरी आला, ओटीवर बसला, जेवला नाही. बायको द्वारका म्हणाली, "अहो, वय झालं. गुडघे आहेत ते, बिजागऱ्या नाहीत तेल घालायला."

तेल म्हटलं मात्र, आणि आमचे मोतीराम उगवले!

मोतीराम म्हणजे द्वारकेचा धाकटा भाऊ. शेजारच्या वाडीतच राहायचा. डॉक्टरकी शिकलेला नव्हता. त्यामुळे त्याला सगळी औषधं ठाऊक होती! केस गळतात? घोरपडीचं तेल. मूळव्याध? खवले मांजराच्या खवल्याची अंगठी. नजर लागते? साळिंदराचा काटा. आणि हे सगळं तो स्वतः वापरायचा बरं का! घोरपडीचं तेल लावून लावून डोकं असं झालं होतं, की देवळात वाकला तर समईचा उजेड दुप्पट व्हावा! आणि खवल्याची अंगठी बोटात असूनसुद्धा बसताना बेटा हळूच... एका बाजूने बसायचा.

हसू नका. तुमच्यातही कोण कसं बसलंय, ते मला इथून दिसतंय!

मोतीराम म्हणाला, "भावोजी, ककणेराचं तेल!"

ककणेर म्हणजे धनेश पक्षी. काळा-पांढरा, भली मोठी पिवळी चोच, चोचीवर आणखी एक शिंग. उडाला की पंखांचा आवाज असा येतो, जणू कुणी आकाशात भाता ओढतंय! विश्राम म्हणाला, "ककणेराचा आणि गुडघ्यांचा काय संबंध?"

"काय संबंध? अहो, शेंड्यावरच्या बारीक फांदीवर बसतो, एवढी चोच घेऊन! कधी पडलेला बघितलात? सांध्यात वंगण असतं त्याच्या, वंगण! आमच्या आजोबांच्या वेळचं औषध आहे."

तर्क बघा मंडळी! या हिशेबाने वटवाघूळ उलटं लटकतं, म्हणून त्याचं तेल चोळून आपण पंख्याला लटकायचं का? पण दुखणारा माणूस तर्क तपासत नाही. आणि ज्याचा मान दुखतो, तो तर मुळीच नाही.

विश्रामकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरं शेतात येतात म्हणून. शिमगा सरला आणि एका सकाळी तो बंदूक घेऊन डोंगरावर गेला. देवराईच्या कडेला एक जुनं बेहड्याचं झाड. भाता ओढल्यासारखा आवाज आला. ककणेराचा नर येऊन फांदीवर बसला. विश्रामने नेम धरला.

धाड!

संपलं. एवढंच असतं हो मारणं. वेळ लागत नाही.

टॉवेलात गुंडाळून त्याने पक्षी घरी आणला आणि अंगणात ठेवला. द्वारका तांदूळ पाखडत होती. पक्ष्याची मान कलली, चोच उघडी पडली, आणि गळ्यातून एक उंबर बाहेर घरंगळलं. मग दुसरं. मग आणखी. पिकलेली, लाल, अख्खीच्या अख्खी उंबरं. एकालासुद्धा चोच लागलेली नाही!

द्वारकेच्या हातातलं सूप थांबलं. म्हणाली, "अहो, हा खात नव्हता. हा नेत होता."

"कुठे?"

"घरी!"

मंडळी, ककणेराचा संसार ऐका. बाळंतपण जवळ आलं की मादी झाडाच्या ढोलीत शिरते, आणि आतून दार लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते — चोच बाहेर निघेल एवढी. आत गेल्यावर पंखांची पिसंही गाळून टाकते. म्हणजे उडायचंसुद्धा नाही! कशाच्या भरवशावर? नवऱ्याच्या! तो दिवसभर फेऱ्या मारतो. गळ्यात फळं साठवून आणतो, एकेक करून फटीतून आत देतो. स्वतःच्या पोटाचं मागाहून.

आता इथे बसलेल्या नवरेमंडळींना विचारतो — चहाचा रिकामा कप उचलून मोरीपर्यंत नेणारे किती? हात वर करा. ...एक. आणि त्यांच्या शेजारी त्यांची बायको मान हलवून नाही म्हणतेय!

असो. द्वारका रोज काजूला डोंगरावर जायची. त्याच बेहड्याच्या ढोलीत मादीला दार लिंपताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती म्हणाली, "गोविंदाच्या वेळी मी बाळंतिणीच्या खोलीत होते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तुम्ही दारातून पेजेची वाटी आत सरकवायचात आणि लाजून पळायचात. आठवतं? एखाद्या दिवशी तुम्ही आलाच नसतात तर? दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही?"

विश्राम उंबरांकडे बघत राहिला. म्हणाला, "मग आता करू काय?"

"मला काय विचारता? ज्याने घरधनी मारला, त्याने घर चालवावं."

तेवढ्यात मोतीराम आला आणि पक्षी बघून हरखला! "ताई, तू हो बाजूला," म्हणाला, "तेल मी काढतो." पक्षी उचलून घेऊन गेला, आणि दोन दिवसांनी तेलाची बाटली घेऊन हजर! द्वारका दारात उभी राहिली. "ही बाटली उंबरठ्याच्या आत येणार नाही." विश्रामने ती गोठ्याच्या भिंतीवर ठेवली. लावायचं धाडस त्यालाही होईना. बाटलीकडे बघितलं की त्याला उंबरं दिसायची.

पण बाटलीकडे दुसरंच कुणीतरी बघत होतं! चाळक्यांचा एक बोका होता, मागच्या एका पायाने लंगडा. पठ्ठ्याने एका दुपारी बाटली पाडली, आणि सगळं तेल चाटून जमीन लखलखीत केली. काय मंडळी? अस्सल ककणेराचं तेल, थेट पोटात! सांध्यांना केवढं वंगण! दुसऱ्या दिवशी बोका कसा चालत होता?

तीन पायांवर! बरोबर! कालच्यासारखाच!

आणि विश्राम? विश्राम निघाला बेहड्याकडे. खांद्यावर बांबूची शिडी, कमरेला फडक्यात केळी. गुडघे बोंबलतायत. शिडी लावली, एकेक पायरी "आई गं" करत चढला आणि फटीतून केळ्याचा तुकडा पुढे केला. आतून चोच आली — खट्! केळ्याला नाही, बोटाला! मग केळं बाहेर फेकलं. आणि मग... मंडळी, ही मादी घर फार स्वच्छ ठेवते. जे घरात नको, ते फटीतून नेम धरून पिचकारीसारखं बाहेर सोडते. आणि फटीसमोर त्या वेळी कोण होतं? आमचे विश्रामदादा! तोंड "आ" करून!

पहिल्याच दिवशी तीर्थप्रसाद मिळाला!

दुसरा असता तर घरी गेला असता. पण विश्राम खाली उतरला, ओढ्यावर तोंड धुतलं, आणि उंबराच्या झाडाखाली जाऊन पिकलेली उंबरं वेचू लागला. पुन्हा चढला. उंबर पुढे केलं. आत बराच वेळ शांतता. मग चोच आली, आणि उंबर आत गेलं. विश्राम शिडीवरच बसून राहिला. त्याला रडू आलं. का, ते त्यालाही कळलं नसेल.

मग रोज सुरू झालं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. द्वारका पपईच्या फोडी करून द्यायची, उकडलेल्या अंड्याचे तुकडे द्यायची. पुढे आतून पिल्लांची चिरचिर ऐकू यायला लागली, आणि बाईसाहेबांची मागणी वाढली! पिल्लांना किडे लागतात. मग साठी उलटलेले विश्राम चाळके माळावर ओणव्याने नाकतोडे धरताना दिसू लागले. लोक विचारायचे, "विश्राम, काय हरवलं रे?" हा म्हणायचा, "नाही, जरा फिरतोय." चार पायांवर?

आणि मंडळी, रोज डोंगर चढणं, शिडी चढणं, माळावर धावणं! पोट उतरलं. मांड्या दगडासारख्या झाल्या. एके दिवशी शिडीवरून उतरताना त्याच्या लक्षात आलं, की आपण "आई गं" म्हणायला विसरलो!

वैशाख आला. वर्धापनाच्या दिवशी पालखी निघाली. पुढचा दांडा ज्याच्या खांद्यावर होता, तो चुलतभाऊ उन्हाने घेरी येऊन खाली बसला. पालखी डुगडुगली. विश्राम कडेला उभा होता, तो पुढे धावला आणि त्याने खांदा दिला. ढोलवाल्याने त्याच्याकडे बघितलं, त्याने ढोलवाल्याकडे. आणि मग काय विचारता! गिरकी काय, झोक काय! गुडघे जमिनीला टेकवून पुन्हा उभा! बाया ओवाळायचं विसरल्या. आबा रेवाळ्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून विश्रामच्या गळ्यात घातला. म्हणाले, "पुढच्या शिमग्याला दांडा तुझाच."

इथे कीर्तन संपवावं असं वाटतं ना? संपवलंही असतं. पण मोतीराम जिवंत आहे ना!

मोतीरामने पारावर उडी मारली. "बघितलंत? बघितलंत ना? शिमग्याला पडलेला माणूस! कशाने उठला? ककणेराचं तेल! मी काढून दिलं, या हातांनी!"

झालं! गावात गुडघे तर घरोघर दुखत होते. कुणाची आई, कुणाचे सासरे, कुणी स्वतःच. "मोतीराम, मला दे." "माझ्या म्हातारीला थोडं तरी दे!" मोतीराम म्हणाला, "ओढ्याकाठच्या वडावर चार-पाच ककणेर उतरतात. बंदुका काढा, उद्या सकाळीच जाऊ. आणि बेहड्यात मादी आहे, ती तर आयतीच कोंडलेली! ढोली फोडली की झालं. भावोजी, तुम्ही पुढे चला, तुमचा नेम पक्का!"

सगळं गाव विश्रामकडे बघायला लागलं. कौतुकाने! गळ्यात हार. खांद्यावर देवी.

आता सांगा. गप्प बसला असता तर? हार राहिला असता, मान राहिला असता. आणि बोलायचं म्हणजे काय बोलायचं? की तेल लावलंच नाही? मग गुडघे कसे बरे झाले? की शिडी चढून? मग शिडी का चढत होतास? एक धागा ओढला की सगळी गोधडी उसवणार. ककणेर मारणं हा साधा गुन्हा नाही, तुरुंग आहे त्याला. विश्रामने गर्दीत द्वारकेकडे बघितलं. ती हळूच जवळ आली आणि कानाशी म्हणाली, "बोलायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी पपई कापून ठेवलीय."

मंडळी, उपदेश असा असावा. नाहीतर आम्ही! दोन तास बोलतो!

विश्रामने पालखी उतरवली, ठाणावर टेकवली. गळ्यातला हार काढला आणि देवीपुढे ठेवला.

"मी तेल लावलं नाही," तो म्हणाला. "एक थेंबसुद्धा नाही. ते बोक्याने चाटलं."

लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय. मोतीराम म्हणाला, "भावोजी, लपवून ठेवू नका हो, सगळ्यांना पुरेल!"

"मोतीराम, गप्प बस. तो नर मी मारला. त्याच्या गळ्यात बायकोसाठी घेतलेली उंबरं होती. त्या दिवसापासून त्याची बायको आणि पिल्लं मी पोसतोय. डोंगर चढून, शिडी चढून. गुडघे त्याने बरे झाले. तेलाने बरे व्हायचे असते, तर आधी आमचा बोका नाचला असता. आणि उद्या कुणी त्या ढोलीला हात लावणार असेल, तर आधी शिडीवर मी असेन."

आबा रेवाळे म्हणाले, "दाखव."

सगळी वरात बेहड्याकडे गेली. ऊन उतरत होतं. विश्राम शिडी चढला, पपईची फोड पुढे केली. फटीतून पिवळी चोच आली, आणि त्याच्या बोटांमधून फोड अगदी अलगद काढून घेतली. आतून पिल्लं ओरडली. खाली ज्यांनी बंदुका काढायच्या ठरवल्या होत्या, ते पायांकडे बघत होते. एक म्हातारी मात्र मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, विधवा गं ही!" आणि तिने पदर डोळ्याला लावला.

मग काय, सगळं गोड झालं? नाही हो. खरं बोललं की लगेच फुलं पडतात, असं कोण सांगतं तुम्हाला? माझ्यासारखे बुवाच सांगतात! दुसऱ्या दिवशी विश्राम स्वतः वनखात्याच्या कचेरीत गेला, बंदूक टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, गुन्हा लिहून घ्या." त्यांनी लिहून घेतला. कोठडी झाली, परवाना गेला, कोर्टाचे हेलपाटे सुरू झाले. मोतीरामनेही पक्षी सोलला होता. त्याचंही नाव लागलं, पण पहिल्या दिवशी तो बाहेरगावी लग्नाला गेल्याने हाती लागला नाही. आणि गावाने बैठक घेऊन पालखीचा दांडा चुलतभावाला दिला. आबांनी स्वतः निरोप पाठवला. विश्रामने मान डोलावली. त्याला ते लागलं नाही असं नाही. रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडला होता, असं बरोबरच्या कैद्याने सांगितलं.

द्वारका भेटायला गेली तेव्हा त्याने पहिला प्रश्न काय विचारला? माझा जामीन कधी? नाही. "तिला कोण देतंय?"

द्वारका म्हणाली, "रांग लागलीय."

"कसली रांग?"

"ज्यांचे गुडघे दुखतात त्यांची! सगळ्यांनी पाळ्या लावल्यात. आबा शिडी धरतात. लग्नाहून येऊन सगळ्यात आधी कोण चढला, सांगा?"

"कोण?"

"मोतीराम! त्याने तोंड फटीला लावून आत बघितलं..."

आणि मंडळी, विश्राम चाळके त्या गजांआड असे हसले, असे हसले, की हवालदार धावत आला! दुसऱ्या दिवशी मोतीराम तोंड धुऊन, मुकाट्याने स्वतःच्या पायांनी कचेरीत हजर झाला. बोटातली अंगठीही काढून टेबलावर ठेवली.

ज्येष्ठाच्या तोंडाला विश्राम जामिनावर सुटला. त्याच आठवड्यात मादीने आतून भिंत फोडली. आधी ती आली, मग पिल्लं आली, अंगावर नवी पिसं. सगळं गाव दूर उभं होतं. ती फांदीवर बसली, पंख झाडले आणि उडाली. जाताना विश्रामकडे तिने कृतज्ञतेने वळून पाहिलं असेल, नाही?

अजिबात नाही! का पाहावं? ज्याने नवरा मारला, त्याचे आभार मानायला ती काय सत्कार समारंभात आली होती? विश्रामलाही ते कळलं. त्याने शिडी उचलली आणि घरी गेला.

आता तुमच्याकडे येतो. पळू नका, प्रसाद शेवटी आहे!

बाळाच्या गळ्यात वाघनख आहे कुणाच्या? आईने हौसेने घातलंय. प्लास्टिकचं असेल तर फसलात. खरं असेल, तर दुसऱ्या कुणाचं तरी बाळ पोरकं करून आणलंय. कपाटात मोराचं तेल आहे? चित्रकार मंडळी, तो मुंगसाच्या केसांचा ब्रश? आणि ज्यांच्या देव्हाऱ्यात लाल डबीत हत्ताजोडी आहे — दुकानदाराने दुर्मिळ मुळी म्हणून गळ्यात मारलेली, जिला तुम्ही रोज हळदकुंकू वाहता — माउलींनो, ती मुळी नव्हे! ती घोरपडीच्या नराची... आता समोर लेकीसुना बसल्यात. पुढचं बोलत नाही. एवढंच सांगतो, ती ज्या जागेची आहे, तिथे कुंकू वाहायची पद्धत कुठल्याच शास्त्रात नाही!

हसा, हसा. पण असं जे काही घरात असेल, ते आरतीच्या ताटात टाकू नका, नाहीतर मला पकडतील! नेऊन द्या जिथे द्यायचं तिथे. आणि घरातली वस्तू निघाली, तरी तोंड उघडायचं राहतंच. कारण तुमच्या आळीतही एक मोतीराम आहे. तो उद्या सकाळी एक बाटली दाखवील. भोवती चार माणसं माना डोलावतील. तुम्हाला माहीत असेल की हे खोटं आहे, आणि ते सांगितलंत तर चारचौघांत वाईटपणा येईल.

माझं सांगून झालं, आता गप्प बसतो. पेटीवाले, सूर धरा. मंडळी, बोलायची पाळी तुमची.